सैतानाची विचारपूस

माझा सैतान तीन महिने नुसता हसत होता. मी तसं लिहिलं नव्हतं. संहितेत कुठेही कंसात 'हसतो' असा शब्द नव्हता. पण ज्यांच्याकडे ती भूमिका होती ते बँकेतले अधिकारी प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी दोन्ही हात कमरेवर ठेवून असे काही हसायचे की हॉलच्या खिडकीतली कबुतरं उडून जायची. मी दिग्दर्शकांकडे बघायचे. दिग्दर्शक खूश होऊन मान डोलवायचे.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी उस्मानपुऱ्यात राहते, एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी अधूनमधून एकांकिका लिहिते. त्या वर्षी स्पर्धेसाठी पहिल्यांदाच दोन अंकी नाटक लिहायला घेतलं होतं. विषय माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता. एका गावात एक म्हातारा असतो. बांधाचा वाद असो की सोयरीक, त्याच्या शब्दावर सगळं गाव विश्वास ठेवतं. सैतानाला या माणसाकडून फक्त एक खोटी साक्ष हवी असते, कारण ती मिळाली की गावात कुणाचाच कुणावर भरवसा राहणार नाही. तो पाहुणा बनून म्हाताऱ्याच्या घरी उतरतो. दमदाटी नाही, जादू नाही. गोड बोलून, मदत करून तो म्हाताऱ्याला आपलंसं करतो. शेवटी ऐन वेळी म्हातारा सावध होतो आणि साक्ष द्यायला नकार देतो.

सांगायला सोपं होतं. लिहायला बसले की मात्र माझा हा पाहुणा व्याख्यान द्यायला लागायचा. 'मानवा, तुझ्या अंतःकरणातल्या अंधाराचा मी केवळ आरसा आहे,' असली वाक्यं मी लिहिलेली आहेत, आणि ती लिहिताना मला बरी वाटली होती याची आज लाज वाटते. चार खर्डे झाले. दर खर्ड्यात तो जास्त हुशार होत होता आणि त्याच्यावर कुणी भाळेल ही शक्यता तेवढीच कमी होत होती. मला असा सैतान हवा होता की तो दारात उभा राहिला तर आपण म्हणू, या ना, बसा. माझा सैतान दारात आला असता तर मी साखळी लावूनच बोलले असते.

दिग्दर्शकांना यात काही अडचण दिसत नव्हती. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उत्साही, आणि प्रकाशयोजनेचं त्यांना भारी वेड. सैतानाच्या प्रत्येक प्रवेशाला लाल दिवा आणि धूर हवाच, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

"सर, तो पाहुणा म्हणून आलाय," मी म्हणायचे. "लाल दिव्यात कोण पाहुणा येतो?"

"मॅडम, लोकांना कळायला नको का हा सैतान आहे म्हणून?"

"नकोच. त्याच दिवशी कळलं तर नाटक संपलंच की."

"आपल्या पब्लिकला सगळं साफ सांगावं लागतं," ते म्हणायचे, आणि पुन्हा धूर कुठून सोडायचा हे बघायला विंगेत जायचे.

असं रोज चालायचं. आमच्या भागात ज्या दिवशी नळाला पाणी येई त्या दिवशी निम्मी मंडळी तालमीला यायचीच नाहीत. उरलेल्यांसमोर बँकवाले हसत राहायचे. मी शेवटच्या रांगेत बसून संहितेच्या समासात काय काय लिहायचे ते इथे सांगत नाही.

मग बँकवाल्यांची नांदेडला बदली झाली. स्पर्धेला सहा आठवडे राहिले होते. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. मला खोटं बोलता येत नाही, मला मनातून बरं वाटलं.

त्या रविवारी सकाळी नुसतं वाचन करायचं ठरलं. सैतानाची वाक्यं वाचायला कुणी नव्हतं म्हणून दिग्दर्शकांनी 'ग्रामस्थ दुसरा' याला पुढे बोलावलं. हा गृहस्थ पस्तीस-अडतीसचा, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. मूळचा खुलताबादकडच्या एका गावचा, धनगराच्या घरातला. वडील अजून गावाकडे थोडी मेंढरं राखून होते. आमच्या संस्थेत तो दोन वर्षं होता आणि त्याला आजवर कधी तीनपेक्षा जास्त वाक्यं मिळालेली नव्हती. आमचा दोष. त्याच्या बोलण्यात गाव होतं, म्हणून आम्ही त्याला कायम ग्रामस्थच करत होतो.

त्याने अडखळत दोन पानं वाचली. मग कागद खाली ठेवला.

"मॅडम, एक इचारू का? राग नाय ना येणार?"

"विचारा."

"ह्यो पाहुणा लईच बोलतो."

दिग्दर्शक हसले. "अरे बाबा, सैतान आहे तो. बोलणारच."

"तसं नाय सर. ज्याला दुसऱ्याकडून काय पाहिजे असतं ना, तो सोताबद्दल बोलतच नाय. तो इचारतो. तब्येत कशी हाय, पोरं काय करत्यात, म्हशीचा पाय बरा झाला का. आन ध्यानात ठेवतो. पुढच्या बारीला आला की पयलं तेच इचारतो."

मला राग आला. पंचवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला दोन वाक्यांचा ग्रामस्थ येऊन सांगतो की तुझा सैतान बडबड्या आहे, आणि ते खरं असतं. "बघते," असं काहीतरी म्हणून मी कागद गोळा केले. घरी येऊन पुन्हा पहिला अंक काढला. पाहुण्याच्या तोंडी पहिल्या प्रवेशात एकही प्रश्न नव्हता. एकही नाही. मी दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला आणि कारखान्यातली पाळी सुटल्यावर भेटायला सांगितलं.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे, तिथे बाकावर बसून त्याने मला तसा एक खरा माणूस सांगितला.

त्याच्या वडिलांची जमीन डोंगराच्या पायथ्याला, थोडी खडकाळ, पण एक तुकडा रस्त्याला लागून. आई वारलेली. हा आणि त्याचा भाऊ दोघंही शहरात नोकरीला. म्हातारा तिथे एकटा. एक दिवस एक माणूस आला. पांढरी गाडी, पण ती त्याने लांब रस्त्यावरच लावली आणि चालत आला. मेंढरांवर धूळ उडेल म्हणून, असं त्याने सांगितलं. खुर्ची दिली तर नको म्हणाला, घोंगडीवर बसला. चहा बशीत ओतून प्यायला. जमिनीबद्दल चकार शब्द काढला नाही. आठ दिवसांनी पुन्हा आला आणि विचारलं, ती लंगडत होती ती मेंढी कशी आहे? अजून लंगडतेच म्हटल्यावर तिसऱ्या वेळी शहरातून जनावरांचा डॉक्टर सोबत घेऊन आला.

"असं वरीसभर," तो म्हणाला. "मंग एक दिवस म्हणला, आबा, तुमच्या सातबाऱ्यावर नावात चूक हाय, पुढं पोरांना तरास व्हईल. मी दुरुस्त करून आणतो, फकस्त इथं सही करा. ती सही मुखत्यारपत्रावर व्हती. आता रस्त्याकडच्या तुकड्याला तारेचं कुंपण हाय. पाटी लागली फार्महाऊसची."

"तक्रार केली नाही?"

"केली ना. वकील म्हणतो, आबांनी सांगितलं पाहिजे, मला फसवलं म्हणून. आन आबा म्हणत्यात, तो माणूस चांगला व्हता. त्याला बी वरच्या लोकांनी फसवलं आसंल." त्याने ग्लास खाली ठेवला. "मॅडम, माझा बाप अजून त्याच्या फोनची वाट बघतो."

पुढचे दहा दिवस मी जेवढं लिहिलं तेवढं त्यानंतर कधी लिहिलं नाही. पाहुण्याचं सगळं बोलणं काढून टाकलं आणि त्याच्या तोंडी प्रश्न ठेवले. अडले की त्याला फोन करायचे. "घरातली बाई त्याच्यासमोर आली तर काय बोलेल तो?" मी विचारायचे. तो स्टोअरमधून दबक्या आवाजात सांगायचा, "काय नाय बोलणार. उठून उभा राहील. एवढ्यानंच काम व्हतंय." मी लिहून घ्यायचे आणि मनातल्या मनात जळायचे. लेखक म्हणून नाव माझं लागणार होतं, पण नाटकातली सगळ्यात चांगली वाक्यं एका चोराची होती आणि ती मला त्या चोराने लुटलेल्या घरातून मिळत होती.

भूमिका अर्थातच त्याला दिली. दिग्दर्शक कुरकुरले. आवाज लहान आहे, उंची कमी आहे, शब्द गावाकडचे आहेत. पण दुसरं कुणी नव्हतं. लाल दिव्यावर आम्ही तह केला. फक्त शेवटी एकदा, आणि धूर अजिबात नाही.

तालमीत आठवड्याभरात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. तो पाहुणा म्हणून आत आला की सगळे सैलावायचे. म्हाताऱ्याच्या बायकोचं काम करणारी बालवाडीची शिक्षिका मला म्हणाली, "मॅडम, मला त्याची भीती वाटायला हवी ना? मला तर वाटतं त्याला आणखी एक चहा विचारावा." मला हवं होतं ते हेच. मी तिला शाबासकी दिली. खरी पंचाईत दुसरीकडे झाली.

म्हाताऱ्याचं काम करणारे आमचे जुने नट. पैठणकडच्या शेतीवाडीवाल्या घरातले, विम्याच्या कार्यालयात नोकरीला, भारदस्त माणूस. त्यांनी एका संध्याकाळी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, हा माझ्याशी इतका चांगला वागतो. माझ्या म्हशीला औषध आणतो, बायकोची विचारपूस करतो. माझा मुलगा पत्र पाठवत नाही, तर हा त्याचा पत्ता काढून आणतो. मग मी शेवटी नाही का म्हणतो?"

"कारण तो कोण आहे ते तुम्हाला कळतं."

"कसं कळतं? मी त्याच्यासमोर बसलो की मला खरंच वाटतं, देऊन टाकावी साक्ष. माझ्या माणसालाही काहीतरी द्या हो. एखादं वाक्य तरी असं द्या की लोक म्हणतील, हां, याने नाही म्हटलं ते बरोबर."

मी देते म्हणाले. आणि मला ते जमेना. आधी मी असं केलं की बायको कंदील घेऊन येते आणि पाहुण्याला सावलीच नाही हे म्हाताऱ्याला दिसतं. दिग्दर्शकांना ही कल्पना भयंकर आवडली. पण रंगमंचावर वरून सहा दिवे सोडलेले होते आणि पाहुण्याच्या चार चार सावल्या पडत होत्या. दोन तालमी त्यात गेल्या. मग म्हाताऱ्याला आपल्या मेलेल्या आईचा शब्द आठवतो असं लिहिलं, ते इतकं रडकं झालं की वाचतानाच मी ते फाडलं. मग तो नुसता 'नाही' म्हणतो असं ठेवलं. ते कोरडं होतं, पण निदान खोटं नव्हतं. विमावाले नाराजच राहिले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. सैतानासाठी माझ्याकडे दहा पानं होती. चांगल्या माणसासाठी एक वाक्य सापडत नव्हतं.

स्पर्धेतला आमचा प्रयोग दुपारचा होता. आदल्या दिवशी सैतानाचं काम करणाऱ्याने मला सांगितलं, "उद्या आबा येणार हायत. एस.टी.नं बोलावलंय." त्याच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी विचारलं, तुम्ही त्यांना काही सांगितलंय का?

"नाय. बघू द्या की. डोळ्यानं बघितलं तर कळंल तरी."

त्याने ही भूमिका का घेतली ते मला तेव्हा कळलं. त्याला बक्षीस नको होतं. त्याला त्याच्या बापाला तो माणूस दिव्याच्या उजेडात दाखवायचा होता.

प्रयोग चांगला झाला की वाईट, मला आजही ठरवता येत नाही. पाहुणा आत आला, गाडी लांब लावली म्हणाला (नाटकात ती बैलगाडी होती), घोंगडीवर एक पाय दुमडून बसला आणि म्हशीची चौकशी केली. तिथून पुढे प्रेक्षक त्याचे होते. त्याच्या साध्या साध्या प्रश्नांवर हशा येत होता. तो बाहेर गेला की लोक खुर्चीत चुळबुळायचे, परत आला की शांत व्हायचे. मी विंगेत उभी राहून हे बघत होते. शेवटच्या प्रवेशात म्हातारा "नाही" म्हणाला. सभागृहात टाळी नाही, हुंकार नाही, काही नाही. हरलेला पाहुणा उठला, जाताना वळून बायकोला म्हणाला, "येतो वैनी. गुडघ्याला तेल लावत जा." लाल दिवा लागला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्या कुणासाठी होत्या हे आंधळ्यालाही कळलं असतं.

परीक्षकांपैकी एक बाई नंतर सौम्यपणे म्हणाल्या की नाटकात दुष्टाचंच पारडं जड झालं आहे, नैतिक बाजू कच्ची राहिली आहे. दिग्दर्शकांनी माझ्याकडे बघितलं. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते म्हणाले. "लाल दिवा सुरुवातीपासून पाहिजे होता."

मी बाहेर आले तर सभागृहाच्या पायऱ्यांवर लाल पटका बांधलेला एक उंच, वाळका म्हातारा बसला होता. मुलगा त्याच्यापुढे उभा होता, चेहऱ्याचा रंग अजून पुसलेला नव्हता.

"बेस केलंस," म्हातारा म्हणाला. "अगदी तसाच बसायचा तो. एक पाय मोडून."

"म्हंजी वळखलं ना तुम्ही?"

"वळखलं की."

"मंग कळलं ना आबा, तो काय करत व्हता ते?"

"काय करत व्हता? इचारपूस करत व्हता."

"आन जमीन?"

"तुझ्या नाटकात जमीन कुठं व्हती?" म्हातारा म्हणाला आणि उठला. "चांगला माणूस व्हता तो. तू बी चांगलं दाखवलंस त्याला. चल, माझी गाडी जाईल."

मुलगा तिथेच उभा राहिला. तो गळ्यातला पंचा काढून तोंड पुसायला लागला, आणि रंग निघून गेल्यावरही बराच वेळ पुसत राहिला. बापाला बसस्थानकावर सोडायला मग मीच रिक्षाने गेले. वाटेत म्हाताऱ्याने मला मी कुठली, घरी कोण कोण, हे सगळं विचारलं.

महिन्याभराने मुलाचा फोन आला. वकील घाई करत होता. आबांनी जबाब दिला तरच पुढे काही होणार होतं. "मॅडम, तुम्ही एकदा बोलता का त्यांच्याशी? तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकतील." मला असल्या कामाची हौस नव्हती, पण त्या घरातून मी एक अख्खं नाटक उचललं होतं. त्याच्या सुट्टीच्या वारी आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून दौलताबादचा घाट चढून गेलो.

मेंढरं जाळीच्या वाड्यात होती. म्हातारा बाहेर दगडावर बसून काठी तासत होता. मुलाने येताना आणलेला फरसाणचा पुडा त्याच्या हातात दिला आणि दोन मिनिटांत तो वकिलावर आला. आवाज चढला. म्हातारा तासतच राहिला. शेवटी म्हणाला, "पाव्हण्या बाईला पाणी तरी आण." मुलगा कळशी घेऊन हापशाकडे गेला.

मी ठरवून गेलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली. फसवणाऱ्याला मोकळं सोडलं तर तो उद्या दुसऱ्याला फसवेल, वगैरे. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.

"ताई, मी काय येडा नाय," तो म्हणाला. "मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं. गाडी लांब लावून माणूस चालत येतो, तवा त्याला काय तरी पाहिजेच आसतं."

"मग सही का केली?"

"लगेच कुठं केली? एकदा म्हणलो चष्मा सापडत नाय. एकदा म्हणलो अवस हाये, आज नको. सही केली की तो यायचा बंद व्हणार, एवढं कळत व्हतं मला. म्हणून जेवढं ढकलता येईल तेवढं ढकललं." त्याने काठी उन्हात धरून सरळ आहे का ते बघितलं. "किती दिस अडवणार? त्याला बी वरनं लोकं बोलत आसतील. केली सही. जाताना माझ्या पाया पडला."

"नंतर आला?"

"नाय. मला वाटलं व्हतं एखाद्या टायमाला येईल."

मग म्हातारा म्हणाला, "आता कोर्टात उभं राहून मी काय सांगू? मला ठाव नव्हतं म्हणून? ते खोटं व्हईल."

मागे कळशी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मुलगा केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

"तुम्ही मला एक फोन करायचा व्हता आबा," तो म्हणाला.

"करत व्हतो की. तू म्हणायचास पाळीवर हाये, नंतर करतो."

मुलाने कळशी कलती केली, मला पेलाभर पाणी दिलं आणि निघू या म्हणाला.

घाट उतरताना त्याने मध्येच गाडी थांबवली. चाकाला काही झालं नव्हतं, तरी खाली वाकून बघितलं. मग तसाच वाकून म्हणाला, "त्या तुकड्यात माझा बी वाटा व्हता मॅडम. माझ्या पोरीचा व्हता. माझा वाटा देऊन बापानं गप्पा इकत घेतल्या."

खरं सांगायचं तर मलाही म्हाताऱ्याचा संताप आला होता. एकटेपणा मला समजतो, माझाही मुलगा पुण्याला आहे आणि त्याचाही फोन नंतरच येतो. पण जे एकट्याचं नाही ते असं देऊन टाकायचं? आणि वर त्या माणसाला चांगला म्हणायचं? हे मी बोलले नाही. मला आणखी एका गोष्टीची चीड येत होती. माझ्या नाटकातला म्हातारा भोळा होता, पाहुणा त्याला भुलवत होता. खऱ्या म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून सगळं कळलेलं होतं. एवढे खर्डे लिहून मी सैतानाची जादू शोधत बसले होते. दार आतून कुणी उघडलं, का उघडलं, हे मी कधी विचारलंच नाही. गाडीवर मागे बसून मी मनात दुसरा अंक पुन्हा लिहायला लागले होते, आणि समोर एका माणसाचे खांदे हलत होते. मला माझीच किळस आली.

तक्रार पुढे गेली नाही. मी दुसरा अंक पुन्हा लिहिला, दोनदा. दिग्दर्शकांना दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, आता यंदा आपण काहीतरी हलकंफुलकं करू." हलकंफुलकं केलं. त्यात सैतानाचं काम करणारा नव्हता. पाळी बदलली आहे, जमणार नाही, असं त्याने ग्रुपवर टाकलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तो मला जालना रोडवर सिग्नलला भेटला. गाडी बाजूला घेऊन बोललो. दर सुट्टीच्या वारी गावाकडे जातो म्हणाला.

"काय करता तिथे?" मी विचारलं.

"काय नाय. भांडतो. टीव्हीवरनं, कुत्र्यावरनं, ते गोळ्या घेत नाय त्याच्यावरनं. ते बी भांडत्यात." तो हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "एक-दोनदा गोड बोलून बघितलं. म्हातारा लगेच म्हणतो, सही कशावर पाहिजे?"

तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही. घरी येऊन मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. तेव्हापासून तीन नाटकांत घालून बघितलं आहे. कुठेच बसत नाही.